एक गोष्ट सोडून

कार्यक्रमाच्या आधी काका एकदा ओकायचे. लग्न असो, हळद असो, कोणा गुरुजींचा निरोप समारंभ असो, मांडवामागं जायचे, एका हातानं बांबू धरायचे आणि पोटातलं सगळं बाहेर काढायचे. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा. चूळ भरून झाली की रुमालानं मिशा पुसायचे, पांढरे मोजे वर ओढायचे आणि विचारायचे,

"गाडीचं तोंड रस्त्याकडं हाय ना?"

"हाय काका."

"चावी?"

"खिशात."

"मंग चला. बघू आज कोण मारतं."

आणि पाच मिनिटांनी हाच माणूस चारपाचशे लोकांसमोर उभा राहून गावच्या सरपंचाला म्हणत असायचा, "सरपंचांनी पाण्याची टाकी बांधली. तिच्यात सगळं हाय. कबुतरं हायेत, बाटल्या हायेत. उन्हाळ्यात सरपंच सोता तिच्यात जाऊन बसतेत, कारण पाणी मागणारा माणूस तिकडं शोधायला येतच न्हाई!"

मांडव हसायचा. सरपंचही हसायचे. हसावंच लागायचं, कारण न हसणारा माणूस त्या दिवसापुरता गावात सगळ्यात लहान होऊन जायचा. पण मी तोंडाकडं बघायचो नाही, मी मांडीवरच्या हाताकडं बघायचो. मूठ वळायला लागली की मी हळूच गाडीकडं सरकायचो. लोकांना वाटायचं हा माणूस कोणाच्या बापाला भीत नाही. मी दोन वर्षांच्या वर त्यांची गाडी चालवली. त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. मला सोडून.

हा त्यांचा धंदा होता. लोक त्यांना सुपारी देऊन बोलवायचे आणि चारचौघांत स्वतःची इज्जत काढून घ्यायचे. मोठ्या शहरांत शिकलेली पोरं एकटीच माइक घेऊन उभी राहतात आणि तिकीट काढून आलेल्या माणसांना टाकून बोलतात, हे मला इकडं गुजरातेत आल्यावर मोबाईलवर दिसलं. काकांना त्याचा पत्ता नव्हता. ते जालन्याच्या एमआयडीसीत एका वजनकाट्यावर बसायचे. ट्रक काट्यावर चढला की खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "डायव्हरसाहेब, खाली उतरा. गाडीचं वजन घ्यायचंय, तुमच्या पोटाचं न्हाई." पुढं पुढं असं व्हायला लागलं की शेजारचा काटा रिकामा असला तरी ड्रायव्हर लोक ह्यांच्याच रांगेत थांबायचे. मग एका सळईच्या मिलच्या फोरमनचा निरोप समारंभ होता. भाषण करणारे साहेब आलेच नाहीत. कोणीतरी म्हणालं, काट्यावरच्या काकांना उभं करा. काका अर्धा तास बोलले. फोरमन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि शेवटी खरंच रडला. त्या फोरमननंच मला नंतर बदनापूरच्या स्टेशनावर सांगितलं, "तीस वर्षं नोकरी केली बाबा, पण माझ्याकडं इतकं बारीक कोणी बघितलंच नव्हतं."

तिथून सुरू झालं. हळदी, वाढदिवस, बियाणं कंपन्यांच्या दुकानदारांचे मेळावे. एका मेळाव्यात स्टेजवर बसलेल्या दुकानदाराला म्हणाले, "ह्यांच्या दुकानातलं बी पेरलं की काय बी उगवतं. फक्त पाकिटावर छापलंय ते सोडून." दुकानदारानं उठून त्यांना मिठीच मारली. मला वाटलं गळा धरला, मी चावी लावूनसुद्धा टाकली होती.

स्टेजवरून उतरले की मात्र हा माणूस कोणाला अरे म्हणत नसे. मला अहो. चहावाल्याला अहो. बदनापूरला त्यांच्या घरासमोर एक कुत्रं आडवं झोपायचं, त्यालाही, "अहो, जरा बाजूला व्हा." स्वतः कधी हसायचे नाहीत. दुसऱ्यांनी विनोद सांगितला तर डॉक्टरनं पेशंटचं ऐकावं तसं मान हलवत ऐकायचे. त्यांच्या घरी काकू एकदा मला भाकरी वाढताना म्हणाल्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांनी मला एका शब्दानं काय म्हणलं न्हाई. कधी कधी वाटतं, म्हणावं. मला बी कळंल मी कशी हाय." काका ताटात बघून जेवत राहिले.

नियम फार होते त्यांचे. आईबहिणीवरून शिवी नाही. जात नाही. अंगातलं व्यंग नाही. आणि जो माणूस कामासाठी तिथं उभा आहे, वाढपी, बँडवाला, मांडववाला, त्याला बोलायचं नाही. म्हणायचे, "त्याला उठून जाता येत न्हाई ना. मंग त्याला बोलण्यात कसली मर्दुमकी?"

सगळ्यात मोठा नियम कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीचा होता. ज्याची काढायची, त्याच्या घरी काका आदल्या दिवशी जेवायला जायचे. बाहेर हॉटेलात नाही, घरीच. जेवण झालं की त्या माणसाला आतल्या खोलीत घेऊन बसायचे आणि विचारायचे, "उद्या तुमचं सगळं काढणार हाय. एक गोष्ट सोडतो. कोणती सोडू?"

आधी लोक हसायचे. मग सांगायचे. मी बाहेर गाडीत असायचो, त्यामुळं आत काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही, आणि काकांनी कधी सांगितलं नाही. कार्यक्रम झाल्यावर मात्र काही जण आनंदानं स्वतःच फोडायचे. एक मोठा पैलवान माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बघा, शब्दाचा माणूस! मी पालीला भितो, ते न्हाई काढलं त्यानं." पण सगळ्यांच्या गोष्टी पालीच्या नसणार. आतून बाहेर येणाऱ्या यजमानाचे डोळे कधी कधी लाल असायचे आणि काका त्याच्या बायकोला म्हणायचे, "भाजी तिखट होती वहिनी, साहेबांना झोंबली."

एकदा मी विचारलं, "काका, विचारता कशाला? माहीत नसलं तर काढायचा सवालच न्हाई."

"असं न्हाई. माणसाला वाटत राहतं, आता काढतो का मंग काढतो. तो हसत न्हाई. त्याला पक्कं माहीत पाहिजे की ती एक गोष्ट बिलकुल येणार न्हाई. मंग बाकीचं सगळं तो सोता काढून देतो."

लिहून ठेवत नसत. जिल्ह्यातल्या निम्म्या मोठ्या माणसांची ती एकेक गोष्ट त्यांच्या पोटात होती. दोन वेळा माझ्यासमोर माणसं आली, अमक्यानं तुम्हाला काय सोडायला सांगितलं तेवढं सांगा म्हणून. एकानं तर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून विचारलं आणि हात उचलेचना. काका म्हणाले, "माझ्या लक्षात राहत न्हाई हो." तो गेल्यावर पाणी पिताना बाटली त्यांच्या दातांवर वाजत होती.

आता माझं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं मेंढरं. मी सातवीत शाळा सोडली. लग्न झाल्यावर टेंभुर्णीचा एक ठेकेदार आमच्या भागातली पोरं टेम्पोत भरून एमआयडीसीतल्या मिलला न्यायचा, त्याच्याकडं लागलो. काम सळईचं. तापून लाल झालेली सळई एका रोलमधून सुटते, ती चिमट्यानं पकडायची आणि दुसऱ्या रोलमध्ये घालायची. दोन पाळ्या सलग झाल्या होत्या. सळई उसळली आणि माझ्या डाव्या हातावरून गेली. दोन बोटं आता वळत नाहीत आणि पंजाचं कातडं चमकतं.

ठेकेदारानं मला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथं त्यानं लिहून दिलं की दारू पिऊन मोटरसायकलवरून पडला, हात सायलेन्सरखाली आला. मला म्हणाला, "गप राह्य. तुझे दोन चुलतभाऊ माझ्याकडं कामाला हायेत." मी गप राहिलो. हीच माझी चूक. पहिले पंधरा दिवस मीच गप राहिलो, आणि तेवढ्यात ती गोष्ट सगळ्या गावांत फिरली. माझे सासरे माळकरी. दारू पिणाऱ्याच्या घरचं ते पाणी घेत नाहीत. ते आले, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, माझ्या बायकोला आणि दीड वर्षाच्या पोरीला घेऊन गेले. मग मी खरं सांगायला लागलो. तेव्हा ते म्हणाले, "पिणारा माणूस असंच सांगतो." मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. हे कोणाला पटवून सांगायचं असेल तर कसं सांगतात, मला अजून माहीत नाही.

काका मला काट्यावर भेटले. मी काम मागत हिंडत होतो.

"एका हातानं गाडी चालवता येते का?"

"येते."

"मंग दुसऱ्या हातानं काय करता?"

"काय न्हाई."

"बराबर. असाच डायव्हर पाहिजे मला, एक हात रिकामा असलेला. स्टेजवरून पळताना मला धरायला."

हात कशानं गेला ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी बदनापूरच्या फाट्यावर टपरीमागं जाऊन रडलो.

दोन वर्षांनी ती सुपारी आली. टेंभुर्णीच्या त्याच ठेकेदाराची एकसष्टी. मांडव त्याच्या गावात, सकाळी अकराला, आणि जेवणाचं आमंत्रण आजूबाजूच्या सगळ्या गावांना. म्हणजे माझ्या सासऱ्यांना. म्हणजे माझ्या बायकोला.

आदल्या दिवशी जेवायला निघालो तेव्हा मी गाडीत बोललो. बोलायच्या आधी तीन वेळा गिअर चुकला.

"काका, एक मागू?"

"मागा."

"उद्या ठेकेदाराला स्टेजवर एवढंच म्हणा, ह्या डायव्हरचा हात कुठं भाजला. बस. सासरे समोर राहतील."

राजूर मागं गेलं.

"आधी त्यांना विचारू तर द्या," काका म्हणाले. "त्यांनी दुसरं कायबी सोडायला सांगितलं, तर उद्या तुमचं पहिलं काढतो. हा शब्द."

ठेकेदाराच्या घरासमोर मी दीड तास गाडीत बसलो. डोक्याला रुमाल, डावा हात मांडीखाली. तो स्वतः काकांना घ्यायला बाहेर आला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दीड तासात मी देवाला एकच मागत होतो. म्हणालो, देवा, ह्या माणसाच्या आयुष्यात माझ्या हातापेक्षा वाईट काहीतरी असू दे.

काका बाहेर आले. गाडीत बसले. दार एकदा लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"चला."

मी गाडी काढली. राजूरला चहाला थांबलो. कपातला चहा तसाच.

"तुम्हाला कळलंच असंल," म्हणाले.

"कळलं."

"शब्द देऊन बसलो."

"मला बी दिल्ता, काका."

"तुम्हाला दिल्ता तो जर-तरचा होता."

मी म्हणालो, "मंग उद्याला दुसरा डायव्हर बघा." माझा आवाज वाढला होता, टपरीवरचे लोक बघायला लागले. काका फक्त म्हणाले, "बराबर हाय."

सकाळी सातला मी त्यांच्या दारात होतो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. राग होता, पण दुसरा ड्रायव्हर गाडीचं तोंड कुठं करील, मुठीकडं बघील का, ह्याचीच काळजी. काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "काल आल्यापासून जेवले न्हाईत. काय झालं?" मी म्हणालो, "काय न्हाई."

त्या दिवशी मांडवामागं काका बांबू धरून उभे राहिले. वाकले. काही आलं नाही. पुन्हा वाकले.

"येऊनच न्हाई राह्यलं," म्हणाले. घाम नुसता ओघळत होता. मी बाटली पुढं केली, त्यांनी घेतली नाही. पहिल्यांदाच गाडीचं विचारलं नाही.

स्पीकर, माइक आमचेच असायचे, साउंडचं काम मीच बघायचो. मिक्सर स्टेजच्या बाजूला होता, तिथून सगळा मांडव दिसत होता. तिसऱ्या रांगेत सासरे, पांढरी टोपी, हात काठीवर. पलीकडं बायकांत माझी बायको, पोरगी मांडीवर. पोरगी मोठी झाली होती. बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग मुद्दाम दुसरीकडं. पहिल्या रांगेत ठेकेदाराचे व्याही, फेटे बांधलेले. ठेकेदार स्टेजवर सोफ्यात, गळ्यात हारांचा ढीग.

काका सुरू झाले.

"अण्णा एकसष्ट वर्षांचे झाले. केसं मात्र अजून सत्तावीसचीच हायेत. अण्णानं गावातली दोनशे पोरं मिलला लावली. पोरं तिकडं लोखंड वाकवून राह्यली, आणि अण्णाला सोताच्या बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. अण्णानं जिंदगीत कोणाला पुरी रिंग दिली न्हाई, मिस कॉलवर संसार केला. लग्नात अक्षता टाकतेत त्या बी निम्म्या, निम्म्या परत खिशात."

लोक लोळत होते. ठेकेदार पोट धरून हसत होता. व्याही हसत होते. माझे सासरेसुद्धा काठीवर हनुवटी टेकून हसले. मी आवाज कमीजास्त करायच्या फेडरवर बोट ठेवून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, वायर ओढून टाकावी.

अर्ध्या तासानं काका थांबले. पाणी प्यायले.

"अण्णा, काल तुमच्या घरी जेवलो. वांगं झकास होतं. जेवल्यावर तुम्ही मला एक गोष्ट सांगितली, ही सोडा म्हणून. मी सोडली. आज काढली न्हाई, उद्या बी काढणार न्हाई, मरेस्तोवर न्हाई. पण ती मला पचून न्हाई राह्यली. असं आजवर कोणाचं झालं न्हाई. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, ती मी तुम्हाला वापस देऊन राह्यलो. आता ती तुमच्याजवळ हाय. तुमचं तुम्ही बघा."

लोक हसले. त्यांना वाटलं ही पुढच्या विनोदाची तयारी. काका पुढं बोललेच नाहीत. माइकसमोर हात बांधून उभे राहिले. हसू विरत गेलं आणि मांडवात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"बोला की पुढं," ठेकेदार म्हणाला.

"माझं संपलं."

"अहो, संपलं काय? टाइम हाय अजून."

मागून एक जण ओरडला, "कोणती गोष्ट हो काका?"

"ते अण्णाला विचारा."

"काय न्हाई रे," ठेकेदार हसत म्हणाला, "गंमत करून राह्यले ते."

पण काका हसवत नव्हते, हलत नव्हते, आणि लोकांची कुजबूज वाढत चालली होती. मागच्या पोरांत कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बाईचं लफडं दिसतंय अण्णाचं!" आणि शिट्टी वाजली. पहिल्या रांगेतल्या व्याह्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकाचा फेट्यावरचा हात खाली आला.

ठेकेदार सोफ्यातून उठला. एवढे हार घालून माणूस उठला की तो घाबरलेला आहे हे लगेच कळतं.

"ए, तोंड सांभाळ! व्याही बसलेत माझे! तसलं काय न्हाई. अरे, मिलमध्ये एका पोराचा हात भाजल्ता सळईनं. बस, एवढंच. त्याला झाली की दोन अडीच वर्षं. त्याचं काय घेऊन बसलेत हे!"

लोकांनी सुस्कारा टाकला. व्याही सावरून बसले. एवढुशी गोष्ट! काही जण तर निराश झाले. ठेकेदार खाली बसायला लागला.

माझे सासरे उभे राहिले.

"कोणाचा हात, अण्णा?"

"आं?"

"सळईनं कोणाचा भाजला?"

ठेकेदारानं गळ्यातले हार सारखे केले. "होता एक," म्हणाला. "आता नाव कुठं लक्षात..."

सासऱ्यांनी मान वळवली आणि मिक्सरकडं बघितलं. त्यांच्या मागोमाग आमच्या भागातली सगळी माणसं. मी हात लपवणार होतो. सवयच तशी लागली होती. पण फेडरवरचं बोट डाव्या हाताचंच होतं.

काकांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. "जेवून घ्या सगळे," एवढं माइकवर म्हणाले आणि उतरले. पायऱ्यांशी ठेकेदाराच्या पुतण्यानं त्यांची कॉलर धरली.

"काय बोलला रे तू?"

"मी काय बोललो? सांगा. मी बोललेला एक शब्द सांगा, माफी मागतो."

पुतण्याला सांगता येईना. पाहुणे बघत होते. त्यानं कॉलर सोडली, पण मागं हटला नाही.

त्यानंतर काकांचा धंदा संपला. एका दिवसात नाही, पण संपला. आदल्या दिवशी जेवायला गेले की यजमान म्हणायचे, "माझं तसलं काय न्हाई हो, कायबी काढा." तोंडानं असं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मांडवात ताठ बसायचे, हसायचे नाहीत. दिलेली गोष्ट हा माणूस चारचौघांत परत करू शकतो, हे सगळ्यांना कळलं होतं. सुपाऱ्या आल्या नाहीत. मी एकदा विचारलं, "माझ्यामुळं झालं ना काका?" तर म्हणाले, "तुम्ही डायव्हर हायेत. गाडीचं बोला."

मलाही तिकडं काम मिळेना, ठेकेदाराचे हात सगळीकडं. आता मी इकडं गांधीधामला लाकडाच्या वखारीत गेटवर बसतो. बायको, पोरगी सोबत आहेत. पोरगी शाळेत जाते, गुजराती लिहिते, मला वाचता येत नाही. रविवारी काकांना फोन लावतो. काकू उचलतात, मग ते येतात, दोन मिनिटं बोलतात, "जेवलात का," आणि ठेवतात. दर वेळी फोन उचलेपर्यंत मी रिंगा मोजत राहतो.

टेंभुर्णीच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी बदनापूरला गेलो होतो, तेव्हा काकांचा एक डोळा सुजून बंद झालेला होता आणि ओठ फाटलेला. म्हणाले, "एसटीचं दार लागलं."

एसटीनं का आले, ते सांगायचं राहिलं.

मांडवात पंगत बसली तेव्हा मी वायरी गुंडाळून गाडीत टाकत होतो. सासरे आले. "दाखव," म्हणाले. मी हात पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, वळत नसलेली बोटं वळवून पाहिली.

"सांगितलं का न्हाई?"

"सांगितल्तं, मामा."

"हा," म्हणाले. "सांगितल्तं."

मग मागं वळून त्यांनी हात केला. बायको पोरीला कडेवर घेऊन आली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं नाही, तोंडाकडं बघितलं. सासरे म्हणाले, "कपडे मागून पाठवतो. आत्ताच ने." त्यांनाही कळलं होतं की मी तिथं जास्त वेळ थांबणं बरं नाही. मांडवाच्या दाराशी पुतण्या आणि चार पोरं उभी होती.

काका गाडीपाशी आले. बायकोसाठी दार उघडलं. मागं सगळे स्पीकर भरलेले, जागा दोघांचीच.

"काका, तुम्ही बसा, मी ह्यांना..."

"न्हाई. मी एसटीनं येतो. गावात जरा काम हाय माझं."

त्यांचं टेंभुर्णीत काही काम नव्हतं. मला माहीत होतं. स्टँडचा रस्ता त्या पोरांसमोरून जातो, हेही माहीत होतं. मी बसलो, गाडी चालू केली. फाट्याच्या वळणावर आरशात दिसलं, काका एकटेच चालले होते आणि ती पोरं रस्त्यावर उतरत होती. माझा पाय ब्रेकवर गेला. पोरगी मला घाबरून रडायला लागली होती.

बायको दोन वर्षांत माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "ते तुमचे कोण हो?"

मी म्हणालो, "सांगतो," आणि गाडी थांबवली नाही.